जहाजावरची खोली कुठली घ्यावी?

(चोरखमारा, जि. गोंदिया इथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून तुमच्यातले काही जण गालातल्या गालात हसले, ते मी पाहिलं. हसणं बरोबरच आहे. इथून मुंबईचा समुद्र हजारेक किलोमीटर लांब. आपल्याकडे पाणी म्हणजे हा समोरचा तलाव, आणि पाण्यावरचं वाहन म्हणजे ढिवरांचा डोंगा. मग क्रूझवरच्या खोल्यांची चर्चा चोरखमाऱ्यात कशाला?

त्याला कारण आहेत आपले गुरुजी. ते पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून नाव घेत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होईल. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलांनी ठरवलं की आईबाबांना मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपची समुद्रसफर घडवायची. पैसे मुलं देणार, पण खोली कुठली हे तुम्हीच ठरवा म्हणाले. गुरुजींनी मला फोन केला. म्हणाले, "जहाज तेच, जेवण तेच, जाणार तिथेच. मग खोल्यांच्या किमती चार तऱ्हेच्या काहून? आणि सगळ्यात महागडी आणि सगळ्यात स्वस्त यांच्यात एका दुभत्या गाईचा फरक!"

मी बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. मालवाहू जहाजं जास्त, प्रवासी थोडी. फोनवर सांगायला लागलो तर अर्धा तास झाला, तरी गुरुजींचे प्रश्न संपेनात. शेवटी म्हटलं, येतोच, सगळ्यांसमोर बोलू. आता गावोगावचे लोक ट्रॅव्हल कंपनीबरोबर जायला लागलेत, उद्या तुमच्याही घरात हा प्रश्न येईल.

सुरुवात जहाजापासून नको करायला. जिप्सीपासून करू.

इथे नागझिऱ्याच्या गेटवर जिप्सी चालवणारे दोन-तीन जण बसलेत. त्यांना विचारा, पर्यटक गाडीत चढताना कुठल्या सीटसाठी भांडतात? मागच्या. कारण मागची सीट उंच, तिथून गवतापलीकडचं दिसतं. आणि अर्ध्या तासाने कंबर धरून कोण बसतं? तोच मागचा. कारण ती सीट मागच्या चाकांच्या वर आहे. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याला तेवढं दिसत नाही, पण त्याचं पोट जागेवर राहतं. तिरोड्याहून एसटीने येतानाही आपण हेच करतो की. जाणता माणूस मधला बाक धरतो, आणि कॉलेजची पोरं हौसेने सगळ्यात मागे बसून खड्ड्याखड्ड्याला डोकं छताला लावतात.

म्हणजे गाडी एक, रस्ता एक, खड्डाही एकच. पण कोण कुठे बसलाय त्यावर कोणाला किती बसतं ते ठरतं. जहाजावर हेच होतं, फक्त मापं मोठी.

जहाज समुद्रात तीन तऱ्हेने हलतं. (म्हणजे हलतं सहा तऱ्हेने, पण उरलेल्या तीन तऱ्हा प्रवाशाला फारशा छळत नाहीत, त्या सोडून देऊ.) पहिली तऱ्हा म्हणजे डावी-उजवीकडे कलणं, पाळण्यासारखं. दुसरी, पुढचं टोक वर गेलं की मागचं खाली, मागचं वर आलं की पुढचं खाली, म्हणजे शाळेच्या मैदानातल्या सी-सॉसारखं. तिसरी, सगळं जहाजच लाटेबरोबर वर उचललं जाणं आणि खाली बसणं. ही तिसरी हालचाल सगळ्यांना सारखी, तिच्यापासून सुटका नाही. पण पहिल्या दोन हालचालींत तुम्ही कुठे झोपलात याला फार महत्त्व आहे.

सी-सॉ घ्या. टोकावर बसलेलं पोर आभाळात जातं, आणि मध्ये खुंट्याजवळ उभं राहिलेलं पोर जागचं हलत नाही. जहाजाचा तो खुंटा साधारण मधोमध, किंवा मधल्यापेक्षा जरासा मागे असतो.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, गुरुजी आहेत तपासायला. समजा जहाज दोनशे मीटरच्या वर लांब आहे आणि समुद्र साधारण आहे, वादळ वगैरे काही नाही. लाटेने जहाजाचं टोक एक अंशाने वर-खाली होतंय. एक अंश म्हणजे काहीच नाही, कंपासपेटीतल्या कोनमापकावर दाखवायलाही अवघड. पण मध्यापासून नव्वद मीटर पुढे ज्याची खोली आहे, तो त्या एका अंशात दीड मीटरपेक्षा जास्त वर जातो आणि तेवढाच खाली येतो. म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत तीन मीटर. एका मजल्याची उंची झाली ही! आणि मध्यापासून पंधरा मीटरवर ज्याची खोली, तो वर-खाली होतो जेमतेम पाव मीटर, एक वीतभर.

पुढचं अजून ऐका. असा एक झोका पूर्ण व्हायला सात सेकंद लागतात असं धरा. तर टोकाच्या खोलीत झोपलेलं साठ किलोचं माणूस एका क्षणी बावन्न किलोचं होतं आणि साडेतीन सेकंदांनी अडुसष्ट किलोचं. वजनकाट्यावर उभं केलं तर काटा खरंच तसा फिरेल. पोटातलं जेवण, आतडी, सगळ्यांचं तेच. रात्रभर, मिनिटाला आठ-नऊ वेळा. आणि मधल्या खोलीतल्याचा फरक? सव्वा किलोच्या आसपास. त्याला कळतही नाही.

मळमळ नेमकी कशाने होते, यावर १९७०च्या दशकात अमेरिकेत प्रयोग झाले. शेकडो तरुणांना एका बंद खोलीत बसवून ती खोली यंत्राने वर-खाली हलवली, कधी सावकाश, कधी भरभर, आणि कोण किती वेळात ओकतो ते मोजलं. काय एकेक संशोधन असतं बघा. (हशा) पण त्यातून निघालेली गोष्ट कामाची आहे. पाच-सहा सेकंदांना एक झोका, या गतीचं वर-खाली होणं माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतं. त्याहून फार सावकाश असलं तर चालतं, फार भरभर असलं तरी चालतं. घोड्यावर बसून कोणाला बोट लागल्यासारखं होत नाही. आणि मघाशी सांगितलेला सी-सॉचा झोका नेमका त्या वाईट गतीच्या जवळपास येऊन बसतो.

डावी-उजवीकडे कलणं मात्र बरंच सावकाश असतं. मोठ्या जहाजाचा एक झोका पंधरा-वीस सेकंदांचा. त्यात उंचीचा संबंध येतो. तीन अंश कललं तर वीस मीटर उंचावरचा माणूस मीटरभर आडवा सरकतो, आणि पाच मीटरवरचा पाव मीटर. चालताना तोल जातो, चहा सांडतो, पण पोटात ढवळणं त्यामानाने कमी. शिवाय या कलण्यावर इलाज निघाला आहे. जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात त्यांना. जहाज डावीकडे कलायला लागलं की ते पंख आपोआप फिरून त्याला उजवीकडे रेटतात. जहाज वेगात असताना ते छान काम करतात, थांबलं की नाही.

पण सी-सॉवर त्या पंखांचा इलाज चालत नाही. दोनशे मीटरचं धूड टोकाकडून उचललं जातंय, त्याला मधल्या दोन पंखांनी काय आवरणार? कंपनीचा माणूस तुम्हाला सांगेल, "काका, काळजी करू नका, जहाजाला स्टॅबिलायझर आहेत." खोटं नाही सांगत तो. पण अर्धंच सांगतो. माझं म्हणणं एवढंच की खोली निवडताना लोक विचारतात, कितव्या मजल्यावर? विचारायला पाहिजे, मध्यापासून किती लांब? उंचीने जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक या लांबीने पडतो. आणि किमती ठरतात त्या उंचीवर, खिडकीवर आणि बाल्कनीवर.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं ते सांगतो.

बाबा गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी आईला एका जहाजावर नेलं. जहाजाचं नाव महत्त्वाचं नाही, चूक जहाजाची नव्हतीच. मी इंजिनिअर, आयुष्यभर जहाजाच्या तळघरात काढलेलं. मनात आलं, माझी आई तळघरात नाही झोपणार. सगळ्यात वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे, जिथून समोरचा समुद्र मोठ्या काचेतून दिसतो, अशी खोली घेतली. नातेवाइकांना फोन करून सांगितलंही. फेब्रुवारी महिना होता, हवा छान, फक्त समोरून वारा होता. संध्याकाळी आई काचेजवळ बसली, हात जोडले, म्हणाली, तुझ्या बाबांनी पाहायला पाहिजे होतं.

रात्री दहानंतर सुरू झालं. आधी म्हणाली डोकं जड झालं. मग उलटी. मग पाणीसुद्धा पोटात ठरेना. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून पडली होती, आणि मला म्हणाली, "बाबू, मले जमिनीवर ने." भर समुद्रात मी तिला जमीन कुठून आणून देऊ?

पहाटे सफाईला आलेल्या पोराने बघितलं. केरळचा होता, माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा. तो म्हणाला, साहेब, आईंना खाली मधल्या लॉबीत घेऊन जा. मी, बावीस वर्षांचा अनुभवी माणूस, मला ते सुचलं नव्हतं. तिला धरून खाली नेलं. पाच मजले खाली, जहाजाच्या मधोमध, स्वागतकक्षासमोर सोफा होता. तिथे आडवी केली. अर्ध्या तासात झोप लागली तिला. सकाळी आठला उठून बसली आणि चहा मागितला. जहाज तेच, वारा तोच. पुढच्या दोन्ही रात्री माझी आई लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन त्या सोफ्यावर झोपली, आणि तिच्यासाठी घेतलेल्या महागड्या खोलीत आमच्या फक्त बॅगा राहिल्या. गावी परत आल्यावर ती सगळ्यांना सांगायची, बोटीचा समोरचा भाग वेगळ्या समुद्रात असतो बाप्पा.

पुन्हा चल म्हटलं तर नाही आली. नंतर जमलंही नाही.

असो. आता प्रत्यक्ष आपल्याकडचं जहाज बघू. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' नावाचं जहाज २०२१च्या सप्टेंबरपासून सफरी करतंय. हे काही नवं जहाज नाही. १९९० साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. लांबी साधारण २११ मीटर, रुंदी ३१ मीटरच्या आत-बाहेर, खोल्या आठशेच्या आसपास. म्हणून मघाचं गणित मी दोनशे मीटरवर केलं. आपण गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने जायचं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं, बंदर तिथून जवळच, टॅक्सीला पाच-दहा मिनिटं.

त्या काळातल्या जहाजांवर बाल्कन्या कमी असत. आज नव्या जहाजांवर निम्म्याहून जास्त खोल्यांना बाल्कनी असते, १९९०मध्ये ती चैन होती. त्यामुळे अशा जहाजावर बहुतेक खोल्या दोन तऱ्हेच्या: आतल्या आणि बाहेरच्या. आतल्या खोलीला खिडकीच नाही. दोन्ही बाजूंना गल्ल्या, मध्ये खोल्या. बाहेरच्या खोलीला बंद काच, तिला ओशन व्ह्यू म्हणतात. तिच्यावर बाल्कनीवाल्या आणि मग स्वीट.

बंद काच म्हणजे खरंच बंद. पोर्टहोल म्हटलं की आपल्या मराठी माणसाला एकच आठवतं, ८ जुलै १९१०, मार्सेलिसचं बंदर, मोरिया बोट आणि सावरकरांची उडी. ते पोर्टहोल शौचकूपातलं होतं आणि उघडत होतं. आताच्या वातानुकूलित जहाजावर प्रवाशाच्या खोलीची काच उघडत नाही. वारा पाहिजे असेल तर बाल्कनी घ्या, नाहीतर वर मोकळ्या डेकवर जा. मोकळा डेक सगळ्यांचा, त्याला वेगळं तिकीट नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दोन-तीन रात्रींच्या सफरीत माणूस खोलीत किती वेळ असतो? झोपेपुरता आणि कपडे बदलण्यापुरता. गुरुजी, बाल्कनीचे पैसे वाचले तर गोव्यात खर्च करा.

पण आतल्या खोलीबद्दल दोन्ही बाजू सांगायला पाहिजेत. ती जहाजाच्या रुंदीच्याही मध्यावर असते, म्हणून कलण्याचा त्रास तिथे सगळ्यात कमी. स्वस्तही तीच. पण दिवा बंद केला की मिट्ट काळोख, सकाळ झाली की नाही कळत नाही. ज्याला बंद जागेत गुदमरल्यासारखं होतं त्याने घेऊ नये. शिवाय बोट लागते ती डोळे आणि कान यांच्या भांडणातून. कानातला तोलाचा अवयव सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात भिंत जागेवर आहे. खिडकीतून क्षितिज दिसलं की भांडण थोडं मिटतं. म्हणून वयस्क माणसांना मी खालच्या मजल्यावरची, मधली, काचेची खोली सांगतो. आणि रात्री झोपताना तसंही डोळे मिटलेलेच असतात, तेव्हा आतली खोलीही वाईट नाही.

मागून एक काका विचारतायत, डावी बाजू घ्यावी की उजवी? चांगला प्रश्न आहे, आणि त्यावर एक गंमत आहे. आपण 'पॉश एरिया' म्हणतो ना, त्या 'पॉश' शब्दाची गोष्ट अशी सांगतात की विलायतेहून मुंबईला येणारे गोरे साहेब येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची खोली मागत, कारण त्या बाजूला ऊन कमी. त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून 'पॉश' झालं म्हणे. गोष्ट भारी आहे, पण शब्दकोश करणारे ती मान्य करत नाहीत. तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजपर्यंत सापडलेलं नाही. शब्दाचं जाऊ द्या, उन्हाचा हिशोब मात्र खरा आहे. एडनहून मुंबईला येताना सूर्य दक्षिणेकडे, म्हणजे उजव्या हाताला. एसी नसताना त्या बाजूच्या खोल्या भट्टीसारख्या तापत असणार.

आपल्या मार्गावर हिशोब असा. मुंबईहून गोव्याकडे जहाज दक्षिणेला जातं. म्हणजे कोकणचा किनारा डाव्या हाताला आणि मोकळा समुद्र उजव्या हाताला. सूर्यास्त पाहायचा तर जाताना उजवी बाजू. थंडीच्या दिवसांत तर सूर्य जवळजवळ खिडकीच्या नाकासमोर बुडतो. बंदरातून निघतानाही मुंबईचे दिवे उजवीकडेच असतात. सकाळचं ऊन डावीकडे. परतताना सगळं उलटं. किनारा दिसेल म्हणून मात्र डावी बाजू घेऊ नका, जहाज बरंच आतून जातं, दिसला तर एखादा दिवा दिसेल. खोलीच्या नंबरावरूनही बाजू कळते. बऱ्याच जहाजांवर सम नंबर एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला, पण कुठले कुठे हे जहाजागणिक बदलतं. नकाशात बघून घ्यायचं.

आता हा नकाशा. याला डेक प्लॅन म्हणतात. मजल्यामजल्याचा वेगळा कागद असतो आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. लोक फक्त आपल्या मजल्याचा कागद बघतात. तिथेच फसतात. आपल्या खोलीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे बघायला तीन कागद एकाखाली एक ठेवावे लागतात.

वर स्विमिंग पूल असला तर पहाटे साडेपाचला खुर्च्या ओढण्याचा आवाज तुमच्या छतावर. लोखंडी डेकवर ओढलेली खुर्ची कशी वाजते ते एकदा ऐकलं की माणूस विसरत नाही. वर स्वयंपाकघर असलं तर रात्रभर ट्रॉल्या. खाली नाचगाण्याचा हॉल असला तर रात्री एक-दीडपर्यंत धडधड गादीतून अंगात येते, कानात बोळे घालून उपयोग नाही. लिफ्टच्या अगदी समोर घेतली तर रात्रभर टिंग टिंग आणि लोकांच्या गप्पा. दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार असलेल्या जोडखोल्या असतात, त्या दारातून शेजारच्यांचं घोरणं येतं. नकाशावर ते छोट्या खुणेने दाखवलेलं असतं. आणि नकाशात काही जागा नुसत्या कोऱ्या सोडलेल्या दिसतील. कोरी म्हणजे रिकामी नव्हे. तिथे कर्मचाऱ्यांच्या वाटा, भांडार, यंत्रं, काहीही असू शकतं. कोऱ्या जागेला टेकून खोली घेऊ नये असं मी म्हणतो. उत्तम खोली म्हणजे वर खोल्या, खाली खोल्या, दोन्ही बाजूंना खोल्या. सँडविचच्या मधल्या काकडीसारखी.

दोन्ही टोकांचे आवाज तर माझ्या खास ओळखीचे. पुढच्या टोकाला नांगराची साखळी. बेटाजवळ जिथे धक्का नाही तिथे नांगर टाकतात, लक्षद्वीपला जहाज लांब उभं राहतं आणि लहान बोटींनी बेटावर नेतात. ती साखळी सुटते तेव्हा पुढच्या खालच्या खोल्यांतला माणूस पलंगावर ताठ उठून बसतो. तिथेच पाण्याखाली आडवे पंखे असतात, धक्क्याला लागताना जहाजाला बाजूला ढकलायला. जहाज बहुधा सकाळी बंदरात शिरतं, म्हणजे ते पंखे तुमच्या साखरझोपेत सुरू होतात. आणि मागच्या टोकाला मुख्य पंखे आणि इंजिन. तिथे आवाजापेक्षा थरथर जास्त, ग्लासमधलं पाणी सतत शहारल्यासारखं दिसतं. मला त्यात झोप छान लागते, पण माझं उदाहरण घेऊ नका.

खिडकीवाल्या खोलीत आणखी एक बघायचं. समोर जीवरक्षक नौका टांगलेली असली तर पैसे समुद्राचे देऊन दर्शन नारिंगी पत्र्याचं. अशा खोल्या थोड्या स्वस्त देतात आणि नकाशाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ज्याला फक्त दिवसाचा उजेड पाहिजे त्याने खुशाल घ्याव्यात, सौदा वाईट नाही.

वयस्क माणसांसाठी काही गोष्टी मात्र आवाजाहून मोठ्या. एक, पलंग. चार जणांच्या खोलीत दोन पलंग वरून उघडणारे असतात, शिडीने चढायचे. रेल्वेत लोअर बर्थ मागतो तसं इथेही आधी सांगून ठेवायचं. दोन, संडास-बाथरूमचा उंबरा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो चांगला वीतभर असू शकतो, रात्री अर्धवट झोपेत जहाज हलत असताना पाय अडकतो. गुडघे दुखणाऱ्याने बुकिंगच्या वेळी विचारावं, बिनउंबऱ्याच्या खोल्या थोड्या असतात आणि लवकर जातात. तीन, लिफ्टपासून अंतर. अगदी समोर नको म्हटलं, पण पाच-सहा दारांवर असावी. लांब गल्ली हलत्या जहाजात म्हाताऱ्या माणसाला फार लांब वाटते.

आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी विचारत नाही. संकटात जमायची जागा. प्रत्येक खोलीच्या दारामागे लिहिलेलं असतं, भोंगा वाजला की कुठे जमायचं. त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते, जिन्यानेच जायचं. २०१२च्या १३ जानेवारीला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आदळून कललं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येकांची तोपर्यंत कवायतच झाली नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी कवायत व्हावी लागते. गुरुजी, कवायतीच्या वेळी वहिनींना खोलीत आराम करा म्हणू नका. दोघांनी मिळून आपल्या दारापासून त्या जागेपर्यंत एकदा पायी जाऊन या, पायऱ्या मोजत. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी खोली घेतानाच हा जिना विचारात घ्यावा. जीवरक्षक नौका ज्या मजल्यावर असतात त्याच्यापासून एक-दोन मजल्यांतच खोली असली तर बरं. बहुतेक जहाजांवर तो मजला मधल्या उंचीचा असतो, म्हणजे पोटाला सोसणारी आणि पायाला सोसणारी खोली जवळजवळ एकाच ठिकाणी येते.

आता बुकिंगमधली एक मेख. स्वस्तात 'गॅरंटी' नावाचा प्रकार मिळतो. नाव ऐकून वाटतं नंबर पक्का. उलट आहे. गॅरंटी फक्त प्रकाराची, आतली की बाहेरची एवढीच. नंबर कंपनी देणार, तिला उरेल तो. तरुण पोरांनी घ्यावी, नशीब असलं तर वरच्या प्रकारातही ढकलतात. पण ज्यांना मधलीच पाहिजे त्यांनी थोडे पैसे जास्त देऊन नंबर निवडावा. बाल्कनीवर उडवण्यापेक्षा पैसे इथे लावा. रेल्वेत प्रतीक्षा यादीतलं तिकीट घेऊन देव पाण्यात ठेवण्यासारखं आहे ते.

कोणी तरी विचारलं, कुठल्या महिन्यात जावं? दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, अरबी समुद्र तेव्हा बऱ्यापैकी शहाणा असतो. मेमध्ये दक्षिणेकडून लांब लाटा यायला लागतात, वारा नसताना. जून ते ऑगस्ट नावच घेऊ नका. रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ला, सहाशेहून जास्त माणसं गेली, मुंबईजवळच. आताचं जहाज त्याच्या कितीतरी पट मोठं आहे, तुलना नाही, पण समुद्र तोच. पावसाळ्यात हे जहाजसुद्धा पश्चिम किनारा सोडून चेन्नईकडे गेलेलं आहे. समुद्र शहाणा असेल तेव्हा टोकाच्या खोलीतही काही होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण तिकीट काढताना कोणाला माहीत असतं? मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, सुरू झाल्यावर घेतली तर गोळीच बाहेर येते. बीपी, शुगरची औषधं चालू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच.

आणि माझ्यासारखी चूक झालीच, खोली टोकाची मिळालीच, तर रात्रभर सोसत पडू नका. उशी घ्या आणि खाली मधल्या लॉबीत जा. कोणी हाकलत नाही.

आता गुरुजींनी दोन नंबर लिहून आणलेत. एक वरच्या मजल्यावरचा, पार पुढचा, मुलाने पसंत केलेला. दुसरा स्वतः शोधलेला, खालचा, मधला, काचेचा, पण त्याच्या वर काय आहे ते कळत नाही म्हणतात. वहिनी म्हणतायत, मुलाला वाईट वाटेल. नाही वाटणार, मी बोलतो त्याच्याशी. चला, तिन्ही मजल्यांचे कागद इकडे टेबलावर आणा. दिवा जरा पुढे घ्या, नंबर बारीक आहेत.